बारा तारखेची भेट

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.४०

मंडळाच्या साप्ताहिक सभेहून आत्ताच परतलो. साडेसातची सभा सात अडतीसला सुरू झाली. नोंद असावी.

या मंडळात एका धंद्याला एकच जागा. विमा एजंट एक, टाइल्सवाले एक, लाँड्रीवाले एक, आणि कारखान्यांचे वजनकाटे, थर्मामीटर, प्रेशर गेज तपासून प्रमाणपत्र देणारा मी एक. कोणाला आपल्या धंद्याबाहेरचे काम दिसले, की त्याने ते मंडळातल्या माणसाकडे धाडायचे. गेल्या वर्षी माझ्या प्रयोगशाळेची दोन मोठी गिऱ्हाइके सोडून गेली (दोघांचीही पत्रे मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली होती, कृतज्ञता हा गुण दुर्मीळ होत चालला आहे), म्हणून मी इथे आलो. आठ महिन्यांत मंडळाकडून काम आले एक. तेही टाइल्सवाल्यांचे. ‘डॉक्टर’ या पदवीवरून मी गुडघ्यांचा आहे अशी त्यांची समजूत होती.

आज सचिवांनी (हेच ते विमा एजंट) तक्ता वाचला. मार्चअखेर प्रत्येकाच्या बारा ‘वन-टू-वन’ भेटी झाल्या पाहिजेत. एकाने एकाला तासभर भेटायचे, काही विकायचे नाही, समोरच्याचे ऐकायचे, आणि चिठ्ठी भरून द्यायची: कधी, कुठे, काय कळले. माझ्या भेटी चार. बारा न भरल्यास जागा मोकळी होते. माझ्या जागेवर डोळा ठेवून एक गृहस्थ बसलेलेच आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रात दशांशचिन्ह आगंतुक पाहुण्यासारखे कुठेही बसते.

संकल्प: पाच आठवड्यांत आठ भेटी. ऐकणे ही माझी हातोटीच आहे. बोलणाऱ्याचे वाक्य मी बहुधा त्याच्याआधी पूर्ण करतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

प्रश्नावली तयार. पाच विभाग, चाळीस प्रश्न. सौभाग्यवतीला दाखवली. प्रश्न सतरा, ‘आपल्या अपयशाची तीन कारणे महत्त्वक्रमाने सांगा’, इथे ती थांबली. म्हणाली, कॉफीला बोलावून उलटतपासणी घेतलीत तर तो माणूस पुढच्या वेळी तुम्हाला पाहून रस्ता बदलेल.

ती शाळेत भूगोल शिकवते. धंद्यातले संबंध हा वेगळा विषय आहे. प्रश्न सतरा कायम.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अध्यक्षाबाईंशी भेट, त्यांच्या ऑफिसात. त्या घरांची अंतर्गत सजावट करतात. टेबलावर त्यांची मोजपट्टी दिसली. माझ्या बॅगेतल्या प्रमाणित पट्टीशी ताडून पाहिली. तीन मीटरला दोन मिलिमीटर जास्त. हे मी तत्काळ निदर्शनास आणले. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी बसवलेले प्रत्येक कपाट त्यामुळे संशयास्पद ठरते, हेही. त्यानंतर बाईंनी मोजपट्टी खणात टाकून खण बंद केला. अंतर्मुख झाल्या असाव्यात. प्रश्न तीनपर्यंत पोहोचलो, तेवढ्यात त्यांना महत्त्वाचा फोन आला. फोन वाजलेला मला ऐकू आला नाही, पण हल्ली ते थरथरतात.

भेट पाच. अत्यंत यशस्वी.

३ मार्च, मंगळवार

टाइल्सवाल्यांशी भेट, सभेनंतर, सभा होते त्या हॉटेलच्या खालच्या मजल्यावर. स्टॉपवॉच लावले होते. साठ मिनिटांपैकी मी बावन्न मिनिटे बोललो. उरलेल्या आठांत वेटर दोनदा आला.

हे प्रमाण आदर्श नाही, मान्य. पण विषय त्यांच्या गुडघ्यांचा निघाला, आणि चुकीची माहिती डोळ्यांदेखत पसरू देणे माझ्या स्वभावात नाही. भेट सहा.

५ मार्च, गुरुवार

लाँड्रीवाले काका. तिसऱ्यांदा फोन. वयाने सत्तरीच्या आसपास. मंडळात सगळ्यांचे काका. त्यांचे म्हणणे, डॉक्टर, सगळ्यांकडे जाता, आमच्याच दुकानाचं काय वावडं आहे? या की एकदा, मलाही तुमचं काम समजून घ्यायचंय.

हे माणसाचे भाबडेपण. कॅलिब्रेशन (उपकरणे प्रमाणाशी ताडून घेणे) एका तासात समजत नाही. मला त्यासाठी दोन पदव्या आणि एक प्रबंध लागला. आणि मी त्यांच्याकडून काय समजून घ्यायचे? डाग. तरीही मोठ्या मनाने गुरुवार, बारा मार्च, सायंकाळी पाच ही वेळ दिली, त्यांच्या दुकानात. ते फारच खूश झाले. त्यांची खुशी ऐकून मला किंचित अपराधी वाटले. कारण शोधले, सापडले नाही. बहुधा पित्त.

१० मार्च, मंगळवार

सभा. रविवारपर्यंत आणखी दोन भेटी उरकल्या, एकूण आठ. आज सचिव रजेचे अर्ज वाचत होते. मी त्या वेळी छापील कार्यक्रमपत्रिका तपासत होतो (नऊ चुका, एक अक्षम्य). काकांचे नाव कानावर आले, पुढचे नाही. काही घरगुती असावे. माणसे घर आणि धंदा वेगळे ठेवू शकत नाहीत.

१२ मार्च, गुरुवार. सायं. ५.२५

काकांकडे जायचे होते. गेलो नाही.

कारण एक: प्रश्नावलीच्या तिसऱ्या आवृत्तीत डावा समास उजव्यापेक्षा अरुंद आहे हे चार वाजता लक्षात आले. असा कागद घेऊन मी कोणासमोर बसत नाही. कारण दोन: लाँड्रीत वाफ असते, कागद दमट होतात. कारण तीन लिहिण्याची आवश्यकता नाही.

चार पंचावन्नला मेसेज पाठवला: ‘तातडीच्या कामामुळे येणे अशक्य. क्षमस्व.’ उत्तर नाही. मौन म्हणजे संमती. समजूतदार गृहस्थ आहेत.

१३ मार्च, शुक्रवार

समास नीट झाला.

भेटींचा हिशेब मांडला. एकेक भेट मोलाची आहे. काकांची भेट झाली की नाही, या प्रश्नाचा शांतपणे विचार केला. वेळ ठरली होती. स्थळ ठरले होते. दोन्ही पक्षांची इच्छा होती. तो तास मी दुसऱ्या कोणालाही दिला नाही. म्हणजे भेटीचे सर्व घटक उपस्थित होते, केवळ मी नव्हतो. आमच्या शास्त्रात दोन मोजलेल्या बिंदूंमधले न मोजलेले मूल्य काढण्याची मान्यताप्राप्त रीत आहे. तिला इंटरपोलेशन म्हणतात. गेल्या मंगळवारी आणि त्याआधीही मी काकांना सभेत पाहिले आहे, पुढेही पाहणार आहे. मधली भेट काढता येते.

चिठ्ठी भरली. पण अर्धवट काम मला जमत नाही. ‘चर्चा केली’ असे दोन शब्द लिहून सोडणे हे इतरांचे. मी लिहिले: ‘दि. १२ मार्च, सायं. ५ ते ६, त्यांच्या दुकानात. वातावरण प्रसन्न. गिऱ्हाइकांची वर्दळ मध्यम. काकूंनी स्वतः कॉफी आणून दिली. दोघेही हसतमुख व प्रकृतीने ठणठणीत. व्यवसायवृद्धीवर सखोल विचारविनिमय.’

वाचून पाहिले. इतके पटले की कॉफी किंचित गोड होती असेही लिहावेसे वाटले. संयम पाळला.

भेट नऊ.

तळटीप: माझ्या प्रयोगशाळेच्या दारावर पितळी पाटी आहे, ‘न तपासता सही नाही’. सतरा वर्षे आहे. आज संध्याकाळी कुलूप लावताना ती वाचली नाही.

तळटीपेत दुरुस्ती: वर ‘गेल्या मंगळवारी सभेत पाहिले’ असे लिहिले आहे. गेल्या मंगळवारी ते गैरहजर होते. म्हणजे दुसरा बिंदूच नाही. असो. चिठ्ठी गेली.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी ९.१५.

काका आजही नव्हते. सभा संपल्यावर सचिवांनी मला खांबाआड नेले. काकांनी नऊ तारखेपासून रजा मागितली आहे: काकू घरात पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन. आजारपणाची रजा मंडळात मान्य असते. पण, सचिव म्हणाले, तुमच्या चिठ्ठीप्रमाणे बारा तारखेला काकू दुकानात कॉफी देत होत्या. ठणठणीत.

मी म्हणालो, हो का?

ते म्हणाले, खोटी रजा घेतली असेल तर जागा जाते. तीन वर्षांपासून एक मोठी लाँड्री कंपनी, अकरा दुकानांची, त्या जागेसाठी रांगेत आहे. दुसऱ्या कोणाची चिठ्ठी असती तर मी मनावर घेतली नसती. पण तुम्ही तर न तपासता सही करत नाही, डॉक्टर.

मी उत्तरलो की चिठ्ठीवरची सही माझीच आहे. हे वाक्य पूर्णतः सत्य आहे. घरी येईपर्यंत मी त्याची सत्यता सहा वेळा तपासली. सहाही वेळा सत्य निघाले.

संकल्प: उद्या सकाळी सचिवांना फोन करून वस्तुस्थिती सांगणे.

१८ मार्च, बुधवार

सचिवांचा फोन सकाळी व्यग्र होता. (एकदा लावला. दोन वेळा वाजला. मग मी ठेवला, व्यग्र असावेत.) अशा गोष्टी फोनवर सांगणे असभ्यपणाचे आहे. लेखी निवेदन देणार. मसुदा एक सुरू.

१९ मार्च, गुरुवार

मसुदा दोन. पहिल्यात ‘मी’ हा शब्द अकरा वेळा आला होता. कर्मणी प्रयोग वापरून तीनवर आणला. ‘चिठ्ठी भरली गेली’ हे अधिक वस्तुनिष्ठ वाटते.

संध्याकाळी सौभाग्यवतीला एका परिचिताची हकीकत म्हणून सगळे सांगितले. ती वह्या तपासत होती, मान वर न करता ऐकत होती. परिचिताने काय करावे असे विचारले. म्हणाली, त्याने उठावं आणि जावं. आत्ता. त्याला कागद लागत नाही, चपला लागतात.

मी म्हणालो, त्याचे निवेदन अजून मसुद्याच्या अवस्थेत आहे. ती म्हणाली, वाटलंच मला, तुमचा परिचित तुमच्यासारखाच आहे. येताना त्याला दूध आणायला सांगा.

दूध आणले. लाँड्रीचा रस्ता दुसऱ्या बाजूने जातो.

२० मार्च, शुक्रवार

गेलो. धैर्य हा माझा स्थायीभाव आहे.

दुकान अरुंद, खोल. पुढे काउंटर, मागे लोखंडी नळीवर टांगलेले कपडे, त्यांना चिकटवलेले पिवळे क्रमांक. काका एकटेच होते, एका शर्टच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते. मी निवेदन घरी विसरलो आहे हे दारातच लक्षात आले. परत फिरणार इतक्यात त्यांनी पाहिले आणि इस्त्री उभी करून, या या डॉक्टर, म्हणून स्टूल पुढे केले. रिकाम्या हाताने आत कसे जायचे? अंगातला कोट काढला आणि ड्रायक्लीनला दिला. तो गेल्याच आठवड्यात ड्रायक्लीन झाला होता, दुसरीकडे.

काकूंची चौकशी केली. त्या नऊला न्हाणीघरात पडल्या. ऑपरेशन बाराला, दुपारी साडेचारला, असे लेक सांगते. म्हणाले, ऑपरेशनच्या दारासमोरचा बाक तेवढा आठवतो, फोन लेकीकडे होता, मधे दुकानात कधी येऊन गेलो ते डोक्यातच नाही. तुम्ही येऊन गेलात हेच मी साफ विसरलो, असं व्हायला नको होतं. आजही मनाला लागून राहिलंय.

म्हणजे त्यांनी माझी क्षमा मागितली. मी ती दिली. काय करणार?

मग ते सचिवांच्या फोनविषयी बोलले. त्यांना विचारण्यात आले होते, की बारा तारखेला डॉक्टरांना भेटलात का. इथे काकांनी डोळे चोळले, आणि जे बोलले ते शब्दशः उतरवून ठेवतो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

“मी सांगितलं, डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे भेटलोच असू. ते उगाच लिहायचे नाहीत. मलाच त्या दिवसाचं काही धड आठवत नाही.”

मी त्यांना विचारले, कोट कधी मिळेल. सोमवारी, म्हणाले. निघताना आणखी एक कळले. मंडळातल्या हॉटेलवाल्यांच्या दोन हॉटेलांच्या चादरी त्यांच्याकडे येतात, आणि दुकान आता त्या चादरींवरच चालते. मंडळ सुटले तर चादरी सुटतील.

हे सगळे प्रश्नावलीत कुठेच नव्हते.

२२ मार्च, रविवार

मसुदा चार. ‘अनवधानाने’ हा शब्द घातला. काढला. पुन्हा घातला.

जेवण गेले नाही. सौभाग्यवती म्हणाली, परिचिताला जेवण जातंय का विचारा.

२४ मार्च, मंगळवार

आज सभेत उभा राहून सांगणारच होतो. दर सभेत प्रत्येकाला स्वतःच्या धंद्याविषयी बोलायला एक मिनिट मिळते. माझी पाळी सातवी.

पण सहाव्या पाळीनंतर अध्यक्षाबाई उठल्या. मोजपट्टीच्या प्रकरणापासून त्या माझ्याकडे थेट पाहत नाहीत. त्यांनी थंड आवाजात सांगितले की चिठ्ठी कशी भरावी याचा नमुना सचिव वाचून दाखवतील. सचिवांनी वाचले: ‘वातावरण प्रसन्न. गिऱ्हाइकांची वर्दळ मध्यम...’ पूर्ण वाचले. कॉफीसुद्धा. टाळ्या झाल्या. टाइल्सवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गुडघा बरा आहे म्हणाले.

पुढे सचिवांनी काकांचा विषय काढला. चौकशी झाली, काकांनी भेट झाल्याचे स्वतः कबूल केले आहे, निर्णय पुढच्या मंगळवारी.

मग माझी पाळी. उभा राहिलो. सगळे हसऱ्या चेहऱ्याने पाहत होते. आभार मानले आणि बसलो. चोवीस सेकंद.

अशा उत्साही वातावरणात ती गोष्ट काढणे औचित्यभंग ठरला असता. शिवाय निर्णय पुढच्या आठवड्यात आहे. घाईने केलेली कबुली सदोष असते.

२८ मार्च, शनिवार

या आठवड्यात तीन भेटी आटोपल्या. कुरियरवाले, चष्मेवाले, हॉटेलवाले. एकूण बारा. तिन्ही भेटींत मी जवळजवळ काहीच बोललो नाही; बोलायला तोंड उघडले की भलतेच बाहेर येईल अशी भीती वाटत होती. गंमत म्हणजे तिघेही भरभरून बोलले. चष्मेवाले तर जाताना म्हणाले की तुमच्याशी बोलून फार हलकं वाटलं.

मला वाटले नाही.

निवेदन, मसुदा सात. सहा पाने, दोन परिशिष्टे. परिशिष्ट ‘अ’ म्हणजे चार पंचावन्नच्या मेसेजची प्रत. परिशिष्ट ‘ब’ घटनाक्रम, मिनिटांसह. काल प्रिंट काढली, पान चार तिरके आले. तिरके पान देऊन कोणाला माझ्या पश्चात्तापावर शंका घ्यायला जागा नको. सोमवारी पुन्हा काढणार.

३० मार्च, सोमवार. दुपारी ४.१०

काकांचा फोन. कोट तयार आहे, आठवडा झाला, न्यायला आला नाहीत.

मग म्हणाले, मंडळाचा राजीनामा लिहिलाय. दोन ओळी. आत्ता सहा वाजता सचिव येऊन नेतील. या सगळ्यात तुमचं नाव उगाच मध्ये येतंय, ते काही बरं वाटत नाही. चूक माझीच असणार. हल्ली माझा माझ्यावर भरवसा नाही. एवढी कॉफीबिफी झालेली भेट, अख्खा तास, आणि माझ्या डोक्यात त्याचा मागमूस नाही. थोरली लेक घाबरलीय. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय तिने, शनिवारची.

मी खोकलो. बराच वेळ खोकलो. म्हणालो, काका, याविषयी आपण समक्ष बोलू. ते म्हणाले, हो हो, या ना, वन-टू-वन करू, आणि स्वतःच हसले.

वाजले आहेत सव्वाचार. दुकान पंधरा मिनिटांवर. सचिव सहाला जाणार. अजून पावणेदोन तास आहेत.

सायं. ५.५०. पान चार सरळ आले. आता पान पाच तिरके येते आहे.

सायं. ६.३०. सहाही पाने सरळ. निर्दोष. स्टेपल केली. काही हरकत नाही, राजीनामा मंजूर तर उद्या सभेतच होईल. उद्या सगळ्यांसमोर वाचणार. कबुली चारचौघांत दिली तरच ती कबुली.

३१ मार्च, मंगळवार

जे घडले ते क्रमाने.

हॉलच्या दारात एका तरुण गृहस्थाने हात मिळवून कार्ड दिले. छान जाड कार्ड. मी ते खिशात घातले.

माझी पाळी आली. उभा राहून निवेदन वाचू लागलो. पान एकवर प्रस्तावना आहे आणि ‘भेट’ या संज्ञेची व्याख्या. व्याख्येच्या दुसऱ्या कलमात होतो, तेव्हा घंटा झाली. एक मिनिट संपले. सगळ्यांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. कुरियरवाले उठून बोलायला लागले.

मी बसलो नाही. आयुष्यात प्रथमच मी घंटेनंतर उभा राहिलो. हातात सहा पाने होती, त्यातले एकही वाक्य मला सापडेना.

“मी गेलोच नव्हतो,” मी म्हणालो. “बारा तारखेला. काकू इस्पितळात होत्या. कॉफी मी बनवली.”

‘बनवली’ म्हणजे रचली, हे स्पष्ट करावे लागले.

मी शिक्षेची वाट पाहत होतो. हकालपट्टी, निषेधाचा ठराव, निदान छी-थू, तयारी होती. आणि टाइल्सवाले हसले. मोठ्याने नाही, ओळखीचे काही दिसल्यासारखे. म्हणाले, एवढंच ना डॉक्टर? माझ्याही चार तशाच आहेत. चष्मेवाल्यांनी छताकडे पाहिले. कोणीतरी मागून म्हणाले, मार्चात कोण कुणाला भेटतंय. अध्यक्षाबाईंनी मात्र या महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, कॉफीचं कशाला लिहिलंत?

मी पाने उलटली. याचे उत्तर परिशिष्टांतही नव्हते.

मी म्हणालो, काकांची जागा परत द्या. सचिवांनी वही उघडून दाखवली. राजीनामा काल सहाला मिळाला, सव्वासहाला अध्यक्षाबाईंच्या फोनवरच्या संमतीने मंजूर झाला, साडेसहाला नव्या सभासदाचा अर्ज दाखल. माणसाने स्वतःहून सोडलेली जागा परत देता येत नाही. नवे सभासद दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी मला ओळखून मान लववली. खिशातले कार्ड त्यांचेच. अकरा दुकाने.

हॉटेलवाल्यांनी त्यांच्याशी आधीच बोलणे केले होते. चादरी गेल्या.

साडेसहा. म्हणजे मी सहा सरळ पाने स्टेपल करत होतो तेव्हा.

सचिवांनी शेवटी माझी चिठ्ठी रद्द केली. आता माझ्या भेटी अकरा. दया म्हणून शुक्रवारपर्यंत मुदत दिली. एक भेट करून टाका, म्हणाले, कुणाशीही. आणि मग हळू आवाजात: खरी केलीत तर उत्तमच.

१ एप्रिल, बुधवार

सौभाग्यवतीला सांगितले की परिचिताने कबुली दिली. तिने विचारले, कोणाला? मंडळाला, मी म्हणालो. तिने वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला. मग म्हणाली, मंडळाला कशाला? मंडळाचा खुबा मोडला होता का?

निवेदनाची सहा पाने पाठकोरी आहेत. कच्च्या कामाला ठेवली.

३ एप्रिल, शुक्रवार

पाच वाजता लाँड्रीत गेलो. कागद नेला नाही.

काउंटरवर एक शाळकरी वही होती. तीत काकांच्या थरथरत्या अक्षरात ओळी: ‘दहा वाजता दुकान उघडले. गॅस बंद केला, पाहिला. सव्वा अकरा, लेकीचा फोन, बोललो.’ हल्ली सगळं लिहून ठेवतो, ते म्हणाले, विश्वास नको.

मी उभ्यानेच सांगितले. किती सेकंद लागले ते मोजले नाही, फार नाही. मी आलो नव्हतो, भेट झाली नव्हती, काकूंची कॉफी माझ्या मनातली. तुम्हाला आठवत नाही, कारण आठवायला काही नव्हतेच.

ते इस्त्रीची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिले. ते ओरडतील असे वाटले होते. ओरडले असते तर मला सोपे गेले असते.

“म्हणजे माझं डोकं ठीक आहे,” ते म्हणाले.

मी म्हणालो, हो. त्यांनी पुन्हा विचारले, नक्की? मी म्हणालो, नक्की. मग त्यांनी तिथेच लेकीला फोन लावला. उद्याची वेळ रद्द कर म्हणाले. का ते तिने विचारले असावे; नंतर सांगतो, म्हणाले, माणसं आहेत समोर. फोन ठेवून ते स्टुलावर बसले आणि तोंडावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाले, पंधरा दिवस मी हिच्याजवळ बसून बारा तारीख आठवत होतो हो डॉक्टर. तिला विचारत होतो, आपल्याकडे कोण आलं होतं गं.

मी जागेविषयी बोललो, चादरींविषयी. हॉटेलवाल्यांकडे मी स्वतः जातो असेही म्हणालो. त्यांनी नुसता हात हलवला. गेलं ते गेलं. आज त्यांची शेवटची खेप धुऊन पडलीय, सातला गाडी येईल.

सचिवांना तिथूनच फोन केला, नियमाप्रमाणे: आज शुक्रवार, पाच ते सहा, लाँड्रीवाले काका. सचिव म्हणाले, ते आता सभासद नाहीत, ही भेट धरता येणार नाही. मग ते थोडे घुटमळले आणि म्हणाले की माझ्या जागेसाठी त्या प्रयोगशाळावाल्या गृहस्थांचा अर्ज आलेला आहे. मी, ठीक आहे, म्हणालो. त्यांचे दशांशचिन्ह आठवले. काही वाटले नाही, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी.

निघतो म्हणून उठलो. काका म्हणाले, आलाच आहात तर ते टोक धरा. डबलची चादर एकट्याने घडी होत नाही. ती असली की आम्ही दोघं भराभर उरकतो.

धरले. चौदा चादरी होत्या. वाटले होते, भूमितीचा प्रश्न आहे. नाही. समोरचा माणूस ओढतो तेव्हा ओढायचे असते, तो सोडतो तेव्हा सोडायचे, आणि तो पुढे आला की पुढे जायचे. मी दर वेळी अर्धा क्षण आधी होतो. पहिल्या तीन चादरींचे कोपरे बोटभर बाहेर आले. काका म्हणाले, डॉक्टर, हात कडक धरू नका, माझ्याकडे बघा. मग ते बोलत राहिले, काकूंना आता वॉकर दिलाय, त्या तो वापरत नाहीत, भिंतीला धरून चालतात, सांगायची सोय नाही. मी ऐकत होतो. चौदावी झाली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते.

गठ्ठा माझ्या मते समाधानकारक दिसत होता. मी मागे हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा काका एकटेच, हनुवटीखाली चादर दाबून, पुन्हा पहिल्यापासून घड्या घालत होते. मला पाहून थांबले. म्हणाले, काही नाही, कोट घेऊन जा.